डबल स्टँड : उचलू नका, उभे राहा

शनिवारची सकाळ. बाहेर पाऊस धो धो कोसळतोय, समोरचा माणिकगड ढगात गडप झालाय, आणि हातात दुसरा चहा आहे. आठवडाभर दुसऱ्यांचे बग निस्तरायचे आणि शनिवारी स्वतःची मळमळ बाहेर काढायची, हा आपला जुना शिरस्ता. आज मळमळ जरा जास्तच आहे, तेव्हा सांभाळून घ्या.

विषय आहे डबल स्टँड. हो, तोच. कोणी मेन स्टँड म्हणतं, कोणी सेंटर स्टँड. गाडीच्या पोटाखाली असलेला दोन पायांचा लोखंडी स्टँड. यावर काय लिहायचं, असं तुम्ही म्हणाल. मीही दोन महिन्यांपूर्वी तेच म्हटलं असतं.

आमचा एक ग्रुप आहे. रसायनी, मोहोपाडा, चौक, खालापूर, थोडे पनवेलचे, असे पंधरा-वीस जण. दर रविवारी सकाळी सहाला दांड फाट्याजवळच्या एका टपरीवर जमायचं, चहा-वडापाव हाणायचा आणि जुन्या हायवेने खोपोलीच्या दिशेने सुटायचं. (एक्सप्रेसवेवर दुचाकींना बंदी आहे, त्यामुळे जुना हायवे हाच आपला.) गाड्या सगळ्या भारदस्त. हिमालयन, इंटरसेप्टर, दोन-तीन जुन्या बुलेट. आणि ग्रुपचा एक नियम आहे. कुठे लिहिलेला नाही, पण पाळला जातो कडक. नवीन मेंबर आला की पहिल्या दिवशी त्याने सगळ्यांसमोर आपली गाडी डबल स्टँडला लावून दाखवायची. जमलं तर घाटात चला. नाही जमलं तर "आधी दूध पी, मग ये."

गेल्या रविवारी एक मुलगी आली. नाव सांगत नाही. पाताळगंगा एमआयडीसीतल्या एका कंपनीत क्वालिटी लॅबमध्ये आहे. उंची जेमतेम पाच फूट. गाडी सेकंडहँड हिमालयन, जुनी 411 सीसीवाली. पावसातून एकटी आली. टपरीसमोर सगळा मुरूम वाहून चिखल झालाय, त्यातून तिने गाडी अशी सफाईने वळवून लावली की आमच्यातल्या निम्म्या लोकांना जमली नसती. हे मी आत्ता लिहितोय. तेव्हा बोललो नाही.

आमचे ग्रुपचे कॅप्टन (स्वयंघोषित) चहाचा कप हातात घेऊन पुढे आले. "ताई, आधी डबल स्टँडला लावून दाखवा बरं. मग जाऊ घाटात."

तिने प्रयत्न केला. उजवा पाय स्टँडवर, दोन्ही हातांनी गाडी धरून मागे ओढायला लागली. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा सगळा जोर लावला, आणि गाडी तिच्या हातातून सुटून पलीकडे, उजव्या अंगावर आडवी झाली. ब्रेकचा लिव्हर मोडला, आरसा फुटला. तिला लागलं नाही, हे नशीब. दोघातिघांनी धावत जाऊन गाडी उभी केली, आणि कॅप्टन म्हणाले, "म्हणून सांगतो ताई, ॲक्टिव्हा बरी."

सगळे हसले. मीसुद्धा हसलो.

तिने मोडलेला लिव्हर उचलून खिशात टाकला, हेल्मेट घातलं आणि आली तशी निघून गेली. पुढचा ब्रेक नसताना, पावसात, एकटी. आणि आम्ही पंधरा मर्द वडापाव खात बसलो.

आता माझी खरी गोची सांगतो. ती गाडी का पडली, हे मला पडायच्या आधीच दिसलं होतं. स्टँडचे दोन पाय असतात. तिच्या गाडीचा एकच पाय जमिनीला टेकला होता, दुसरा अधांतरी होता, कारण गाडी सरळ उभीच केलेली नव्हती, तिच्या बाजूला कललेली होती. खाली ओला मुरूम. अशा वेळी ओढलं की गाडी त्या एका पायावर फिरते आणि पलीकडे जाते. जाणारच. तिच्या जागी एखादा पैलवान असता तरी गेली असती. हे मला माहीत होतं, कारण जेमतेम दोन महिन्यांपूर्वी मी ते शिकलो होतो. आणि कसा शिकलो, ते ऐका.

मी आयटीतला हमाल. वय बेचाळीस, वजन चौसष्ट किलो, रोज दहा तास खुर्चीत. माझीही हिमालयनच, 2020 नंतरची, 199 किलोची. एप्रिलच्या शेवटी दिवेआगरहून परत आलो. मागे दोन्ही बाजूंना सामानाच्या पेट्या, त्यात ओले कपडे, आंबे, फणस, काय काय. चेन धुळीने आणि वाळूने कर्रकर्र वाजत होती. म्हटलं, आत्ताच स्टँडला लावू आणि चेन साफ करून टाकू. पेट्या उतरवायचा कंटाळा आला. वाकलो, मागचा दांडा धरला, सगळा जीव एकवटून ओढलं. गाडी वर गेलीच नाही. मात्र कमरेत "कट्" असा आवाज आला, तो मला अजून ऐकू येतो.

एल-4, एल-5. तीन आठवडे आडवा. पहिला आठवडा तर उठून बाथरूमला जायचं म्हणजे प्रोजेक्ट प्लॅन करावा लागायचा. रिलीज होतं, ते लॅपटॉप पोटावर ठेवून झोपून केलं. डॉक्टरांनी विचारलं, "काय उचललंत?" मी म्हटलं, "मोटरसायकल." त्यांनी चष्म्यावरून असं बघितलं की बास.

पण खरा धडा दिला तो बाबांनी. बाबा इथल्याच एका केमिकल कारखान्यात तीस वर्षं होते. रसायनी हे गावाचं नावच मुळी कारखान्यांनी दिलेलं. 1960 साली स्थापन झालेली हिंदुस्तान ऑरगॅनिक केमिकल्स इथे आली, तिच्या आगेमागे बाकीचे आले, वसाहती झाल्या, शाळा झाल्या, मोहोपाड्याचा बाजार वाढला. 2017 साली सरकारने एचओसीचे इथले तोट्यातले प्लांट बंद करायचा निर्णय घेतला, तेव्हापासून तो भाग सुनासुना वाटतो. पण आमच्या पिढीने लहानपणी एक दृश्य शंभरदा पाहिलंय : दोनशे लिटरचा भरलेला ड्रम एकटा माणूस हलवतोय. द्रव पाण्याइतका जड धरला तरी दोनशे किलो, वर ड्रमचं वजन वेगळं. म्हणजे बघा, माझ्या गाडीएवढाच! आणि हलवणारा माणूस म्हणजे काही दारासिंग नाही. किडकिडीत, खाकी शर्टातला, दुपारच्या डब्यात दोन भाकऱ्या आणणारा. तो ड्रम कधी उचलायचा नाही. ड्रम थोडा स्वतःकडे कलता करायचा, खालच्या काठावर तोलायचा, आणि दोन हातांनी स्टिअरिंग फिरवावं तसा गोल गोल फिरवत न्यायचा. (आता ट्रॉल्या असतात, आणि असायलाच हव्यात. ड्रमखाली बोटं गेलेले लोकही आम्ही पाहिलेत.)

मी पलंगावर कण्हत पडलेलो, आणि बाबा शेजारी खुर्चीवर पेपर वाचत. पेपर खाली न करताच म्हणाले, "आमच्याकडे ड्रम उचलायला जायचा तो नवीन माणूस. आणि नवीन माणूस ड्रम उचलायला गेला, तर शिव्या त्याला पडायच्या नाहीत. सुपरवायझरला पडायच्या. त्याला दाखवलं का नाही म्हणून."

मग थोड्या वेळाने, "तुला कोणी दाखवलं होतं का?"

मला कोणीच दाखवलं नव्हतं. गाडी घेतली तेव्हा शोरूमवाल्याने हार घातला, पेढा दिला, फोटो काढला. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये आठचा आकडा काढायला शिकवला. ग्रुपमध्ये सगळ्यांनी पाठीवर थाप मारली. गाडीसोबत मिळालेलं मॅन्युअल प्लास्टिकच्या पिशवीसकट कपाटात गेलं. वीस-पंचवीस वर्षांत कोणीही, एकदाही, "बाबा रे, स्टँड असा लावतात" असं सांगितलं नाही. जो तो बघून बघून शिकतो, आणि बघून काय दिसतं? माणूस वाकतो, ओढतो, गाडी वर जाते. म्हणजे ताकद लावली, असं वाटतं. जिथे खरं काम होतं ती जागा, म्हणजे पाय, तिकडे कोणाचं लक्षच नसतं.

आता जरा अकरावीचं फिजिक्स. घाबरू नका, गुणाकारच आहे.

गाडी डबल स्टँडवर चढते तेव्हा अख्खी गाडी हवेत जात नाही. स्टँडचे पाय जमिनीवर टेकतात आणि गाडी त्या पायांवरून कंपाससारखी मागे फिरते. थोडी मागे, थोडी वर. मागचं चाक काही सेंटिमीटर सुटतं, पुढचं साधारणपणे जमिनीलाच असतं. गाडीचा गुरुत्वमध्य समजा 4 सेंटिमीटर वर गेला. दोनशे किलो, गुणिले 9.8, गुणिले 0.04 मीटर. साधारण 78 ज्यूल.

आता दुसरं गणित. 55 किलोचा माणूस बिल्डिंगच्या जिन्याची एक पायरी चढतो. पायरी समजा 17 सेंटिमीटरची. 55 गुणिले 9.8 गुणिले 0.17. साधारण 92 ज्यूल.

कळलं का? दोनशे किलोची गाडी स्टँडवर चढवायला लागणारं काम हे एक पायरी चढण्यापेक्षा कमी आहे. एक पायरी! आमच्या शेजारच्या आजी दिवसातून दोनदा तीन मजले चढतात, हातात भाजीची पिशवी घेऊन.

मग माझी कंबर का गेली? कारण मी ते काम चुकीच्या अवयवाकडून करून घेतलं. पायरी चढताना आपण पाय सरळ करतो आणि आपलं वजन आपलं काम करतं. मी मात्र वाकून, पाठीचा कमान करून, हातांनी ओढत होतो. ज्यूल तेवढेच, पण ते सगळे कमरेच्या दोन मणक्यांतून गेले. स्टँडच्या डाव्या बाजूला जी दांडी बाहेर काढलेली असते, ती कंपनीने शोभेसाठी दिलेली नाही. ती पायरी आहे. तिच्यावर चढायचं असतं.

कंबर बरी झाल्यावर बाबा खाली पार्किंगमध्ये आले. वय एकाहत्तर, वजन माझ्याहून कमी. मला म्हणाले, "तू पलीकडून नुसती धर. ओढू नकोस." पहिल्यांदा त्यांना नाही जमलं, पाय घसरला. म्हणाले, "चप्पल नको," वर जाऊन जुने सेफ्टी शूज घालून आले. दुसऱ्यांदा गाडी चढली. मी नुसता हात लावून उभा होतो. नंतर त्यांनी मला दहा वेळा करायला लावलं, आणि दहावी वेळ झाल्यावर "आता ठीक," एवढंच म्हणाले.

तर ज्यांना कोणीच दाखवलं नाही, त्यांच्यासाठी इथे सविस्तर लिहून ठेवतो.

एक. जागा सपाट आणि टणक बघा. चिखलात, उतारावर, ओल्या मुरुमात शहाणपणा करू नका. इंजिन बंद, गाडी न्यूट्रलमध्ये. गिअरमध्ये असेल तर मागे सरकणारच नाही, आणि तुम्ही स्वतःलाच दोष देत बसाल. हँडल सरळ.

दोन. सामान उतरवा. हे मी कमरेची किंमत मोजून शिकलोय. वजन वाढतं म्हणून तर खरंच, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे सामानाने मागचं सस्पेन्शन खाली बसतं. गाडी खाली बसली की स्टँड तिच्या मानाने लांब होतो आणि तेवढं जास्त वर चढवावं लागतं.

तीन. गाडीच्या डाव्या बाजूला उभे राहा. डावा हात हँडलच्या डाव्या मुठीवर, उजवा हात मागच्या सीटजवळच्या दांड्यावर. साइड स्टँड आड येत नसेल तर खालीच राहू द्या, गाडी परत आपल्याकडे आली तर तिला टेकायला जागा असते. पायात बूट हवा.

चार, आणि सगळ्यात महत्त्वाचं. उजव्या पायाने दांडी दाबून स्टँड जमिनीला लावा. मग गाडी हळूच सरळ करा, अगदी थोडी इकडे-तिकडे हलवा, आणि स्टँडचे दोन्ही पाय टेकल्याचं पायाला जाणवेपर्यंत थांबा. टक, टक. दुसरी टक आल्याशिवाय पुढे जायचंच नाही. आता गाडी सरळ आहे, तोल तिचा तिला सांभाळता येतोय, तुम्ही फक्त धरलंय.

पाच. आता पायरी चढा. सगळं वजन उजव्या पायावर, गुडघा सरळ करा, डावा पाय जमिनीवरून सुटला तरी चालेल. पाठ ताठ, नजर समोर. उजवा हात गाडीला मागे आणि वरची दिशा दाखवतो, ओढत नाही. गाडी आपोआप मागे जाऊन बसते. "आपोआप" हा शब्द खोटा वाटेल, पण पहिल्यांदा जमल्यावर तोंडातून हाच निघतो.

सहा. तरीही नाही जमलं तर एक फळी घ्या. साधारण इंचभर जाडीची, गाडीच्या टायरपेक्षा रुंद. मागचं चाक तिच्यावर चढवा, मग स्टँड लावा. चाक आधीच इंचभर वर आहे, त्यामुळे चढवायचं अंतर जवळपास संपतंच. यात कसलाही कमीपणा नाही.

आणि वर्षातून दोनदा स्टँडच्या सांध्याला ग्रीस. आपल्याकडच्या पावसात तो सांधा गंजून आखडतो, आणि मग आपण गंजाशी कुस्ती खेळत बसतो.

झालं. दहा मिनिटांचं शिक्षण. आता ग्रुपमध्ये मला जी उत्तरं मिळाली त्यांच्याकडे वळतो, कारण माझी मळमळ तिथेच आहे.

पहिलं उत्तर : "ज्याला गाडी स्टँडला लावता येत नाही, त्याने ती चालवू नये. रस्त्यात पंक्चर झाली तर?" ऐकायला बिनतोड आहे. आणि यातला निम्मा भाग मला मान्यसुद्धा आहे. एकट्याने लांब जाणाऱ्याला हे यायलाच हवं. जुन्या हिमालयनच्या तारांच्या चाकात ट्यूब असते, पंक्चर झाली की चाक काढणं आलं, आणि चाक काढायला गाडी डबल स्टँडवर हवी. पण हे यायला हवं, म्हणजे शिकवायला हवं ना? परीक्षा घेण्याआधी धडा शिकवतात, हे तर पहिलीच्या बाईंनाही ठाऊक असतं. आमच्या ऑफिसात नवीन पोरगा पहिल्या दिवशी प्रॉडक्शनचा डेटाबेस उडवतो, तेव्हा शहाणा मॅनेजर विचारतो, "याला ॲक्सेस कोणी दिला?" मूर्ख मॅनेजर पोराला हसतो. आमच्या ग्रुपमध्ये दुसऱ्या जातीचे मॅनेजर पंधरा आहेत, आणि रविवारी पंधरावा मी होतो.

दुसरं उत्तर : "हे बायकांचं काम नाही." अरे वा! 1972 साली बजाजची चेतक आली. कंपनीकडून तिला मधलाच स्टँड, साइड स्टँड लोक बाहेरून बसवून घ्यायचे. वजन शंभर किलोच्या वर. त्याच साली पुण्याच्या कायनेटिकची लूना आली, हलकी, पण तिलाही मधलाच स्टँड. आमच्या कॉलनीतल्या शिक्षिका, नर्सबाई, बँकेतल्या काकू, सगळ्या दिवसातून चार वेळा गाडी स्टँडला लावायच्या आणि काढायच्या. साडी नेसून. एका काकूंकडे तर नवऱ्याची चेतक असायची. पाय दिला, खट्, गाडी उभी. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत आणि कोणी दूध पिऊन ये म्हटलं नाही, कारण तो घरकामाइतका साधा प्रकार होता. चेतक निम्म्या वजनाची होती, हे मान्य. पण युक्ती तीच. पुढे सेल्फ-स्टार्ट आले, साइड स्टँड आले, आपली सवय गेली, आणि जे आजीला येत होतं ते आता मर्दानगीचं सर्टिफिकेट झालं.

तिसरं उत्तर : "उंची कमी असेल तर गाडी खाली बसवून घ्यावी." लोक घेतातच. मागच्या सस्पेन्शनची लिंक बदलून गाडी इंच-दीड इंच खाली आणतात, म्हणजे पाय टेकतात. पण स्टँडची लांबी तेवढीच राहते! गाडी खाली, स्टँड तेवढाच, म्हणजे आता तीच गाडी चढवायला आधीपेक्षा कितीतरी जड. स्टँडही कापून तेवढा लहान करायला हवा, हे अनेक गॅरेजवाले सांगत नाहीत. म्हणजे बुटका माणूस पैसे खर्च करून गाडी खाली आणतो आणि मग टपरीवर त्याचीच टर उडवली जाते. त्या मुलीची गाडी अशी खाली बसवलेली होती का? मी विचारलंच नाही. कोणीच विचारलं नाही.

चौथं उत्तर, हे जरा सुशिक्षित लोकांचं : "डबल स्टँड आता जुना झाला. नवीन गाड्यांना नसतोच." बरोबर, बऱ्याच गाड्यांना नसतो. टूरिंगची म्हणून जाहिरात करायची, हिमालयाचे फोटो छापायचे, आणि स्टँड मात्र जादा पैसे भरून घ्या. वजन वाचतं म्हणतात. अहो, वजन वाचतं तसे पैसेही वाचतात, ते कुणाचे? चेनची गाडी दर पाच-सातशे किलोमीटरला साफ करून तेल द्यावी लागते, पावसात त्याच्याही आधी. मागचं चाक हवेत नसेल तर ते काम म्हणजे गाडी वीतभर ढकला, पुसा, परत ढकला. कोकणातल्या चिखलात साइड स्टँड रुतून गाडी रात्रीत आडवी झालेली मी स्वतः बघितली आहे. स्टँड जुना झालेला नाही. तो वापरायला शिकवायचा कंटाळा जुना आहे.

आणि जे खरोखर अवजड गाड्या बनवतात, ते काय करतात बघा. होंडाने 1988 च्या गोल्डविंगला स्टार्टरच्या मोटरवर चालणारा रिव्हर्स दिला, कारण एवढं धूड पायाने मागे ढकलणं माणसाचं काम नाही, हे त्यांना कळत होतं. बीएमडब्ल्यूच्या के 1200 एलटीला 2004 च्या सुमारास चक्क बटणावर चालणारा डबल स्टँड आला. विजेवर आणि हायड्रॉलिकवर. बटण दाबा, गाडी स्टँडवर. त्या जर्मन इंजिनियरांना कोणी "आधी दूध प्या" म्हटल्याचं ऐकिवात नाही. आपल्याकडे 1948 च्या कारखाने कायद्यात 34 वं कलम होतं : इजा होईल इतकं जड ओझं कोणालाही उचलायला, वाहायला किंवा हलवायला लावू नये. बाबांच्या पिढीला पगारी कामात जे संरक्षण होतं, ते आम्ही रविवारी स्वखुशीने सोडून देतो आणि त्याला पॅशन म्हणतो.

आता शेवटचं. बुधवारी मी त्या मुलीचा नंबर मिळवला. (तिच्या लॅबमधला एकजण माझ्या शाळेतला.) फोन केला, ओळख दिली, सॉरी म्हटलं. मग उत्साहाने सांगायला लागलो की तुझा स्टँडचा एक पाय टेकलाच नव्हता, मला तेव्हाच दिसलं होतं, गाडी सरळ करून मग...

तिने मध्येच विचारलं, "दादा, तेव्हाच दिसलं होतं, तर तेव्हा का नाही बोललात?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही. म्हणजे आहे, पण ते लिहायला लाज वाटते. मी बोललो असतो तर कोणीतरी विचारलं असतं, "तुला कसं माहीत?" आणि मग कमरेचं सगळं बाहेर आलं असतं. तीन आठवडे मी ग्रुपला "ऑनसाईट आहे" असं सांगितलं होतं.

लिव्हर आणि आरशाचे पैसे देऊ केले, तिने नको म्हटलं. परत येणार का विचारलं, तर म्हणाली, "बघू."

काल संध्याकाळी ग्रुपवर सगळं लिहिलं. कमरेसकट. आणि सांगितलं की उद्या रविवारी मी फळी घेऊन येणार, ज्याला शिकायचंय त्याला दाखवणार, आणि ती परीक्षा आजपासून बंद. बंद नाही झाली तर मी बंद. अपेक्षेप्रमाणे हशा झाला. "फळी कशाला, पाट आण, सत्यनारायण घालू." कॅप्टननी नुसता अंगठा टाकला, तो कुठल्या अर्थाने ते त्यांनाच ठाऊक.

पण रात्री अकरानंतर दोन मेसेज आले. वेगवेगळे, खासगीत. पहिला एका नवीन पोराचा, ते समजू शकतो. दुसरा आमच्या सगळ्यात जुन्या मेंबरचा. आठ वर्षं ग्रुपमध्ये, लडाख दोनदा, गाडी कायम साइड स्टँडवर, एका पायावर तिरकी. आम्हाला वाटायचं ती त्याची स्टाईल आहे. त्याने लिहिलं होतं, "उद्या पावणेसहाला येशील का? बाकीचे यायच्या आधी."

येतो म्हणालो. फळी बाबांनी काढून ठेवली आहे, जुन्या दिवाणाची. सागवानी आहे, सांभाळून वापर म्हणालेत.